खुशीने आलेली बाई

धुलाई कारखान्यात त्या दोघींना सगळे सासू-सून म्हणत. नात्याने त्या एकमेकींच्या कोणी लागत नव्हत्या. पण रुळाशी शेजारी शेजारी उभ्या राहून त्या दिवसभर जी बाचाबाची करत, ती ऐकून कोणीतरी एकदा हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. खऱ्या सासू-सुनांत असतं त्याच्या दुप्पट भांडण यांच्यात होतं आणि वैर मात्र औषधालाही नव्हतं. पुढे पुढे तर कोणी खऱ्या नावाने हाक मारली की दोघीही मागे वळून बघत, की ही कोणाला बोलावतेय.

रूळ म्हणजे माणसाच्या कमरेएवढा जाड, आतून वाफेने तापलेला, फिरता लोखंडी नळा. इस्पितळांच्या चादरी धुऊन, पिळून ओल्याच त्यांच्यापुढे येत. दोघींनी चादरीचा एकेक कोपरा धरायचा, कडक ताणायचा आणि कड सरळ रुळाच्या तोंडी द्यायची. पलीकडे सुकलेली, सुरकुती नसलेली चादर दुसऱ्या दोघी झेलत आणि घडी घालत. टाळी एका हाताने वाजत नाही, तशी चादर एका बाईने चढत नाही. त्यामुळे एक बाई कमी म्हणजे खरं तर दोन कमी, आणि सुट्टीचा विषय निघाला की पाळीचे साहेब कपाळाला हात लावत ते यामुळेच.

सून नवीन लागली तेव्हा पहिल्याच दिवशी सासूने तिच्या हातावर फाडकन चापट मारली होती. सुनेने चादरीचा कोपरा बोटाला गुंडाळून धरला होता.

"बोटाला गुंडाळायचं नाही. चिमटीत धरायचं. चादर आत जाते तेव्हा बोटाला विचारून जात नाही."

"मग तोंडाने सांगायचं ना! मारता कशाला?"

"तोंडाने सांगितलेलं तुझ्यासारखीला जेवणाच्या सुट्टीपर्यंत लक्षात राहतं."

तिथून जे भांडण सुरू झालं ते सात वर्षं पुरलं. सासू एकटी होती. नवरा केव्हाच गेलेला, मुलगा परगावी, महिन्यातून एक फोन करून कर्तव्य उरकणारा. सुनेला नवरा होता, मालगाडी चालवणारा, आणि नऊ वर्षांची मुलगी. डब्यातली भाजी कोणाची चांगली यावरून दोघी भांडत आणि भांडता भांडता एकमेकींच्या डब्यातलं खात.

पूर्वी रविवारी सगळा कारखाना बंद असे. मग मालकाने दोन मोठी इस्पितळं आणखी घेतली आणि रूळ थांबेनासा झाला. आजारी माणसं रविवारी चादरी मळवायची थांबत नाहीत, हे खरंच आहे. त्यांच्यासाठी कोणीतरी उभं राहायला हवं, हेही खरं आहे. फक्त ते कोणीतरी दर वेळी तेच का, हे कोणी विचारत नव्हतं. सुट्ट्या आता फिरत्या झाल्या. कोणाला कधी, ते पाळीचे साहेब ठरवत.

या साहेबांना बायका पाठीमागे 'बरोबरसाहेब' म्हणत, कारण दर वाक्याच्या शेवटी ते 'बरोबर?' विचारत आणि उत्तराची वाट बघत. माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांखालीही काळी वर्तुळं होती. पण वाईट नसलेल्या माणसाकडून जेवढं वाईट होतं, तेवढं वाईट माणसाला एकट्याने झेपत नाही.

मागच्या आठवड्यात सुनेला सोमवारी सुट्टी मिळाली होती. या आठवड्यात तिच्या वाट्याला थेट रविवार आला. ती साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, मधले दिवस मोजा तरी. एका दमात बारा दिवस होतात."

"आठवडा सोमवारी सुरू होतो, बरोबर?"

"हो."

"आणि रविवारी संपतो, बरोबर?"

"हो, पण..."

"मग त्या आठवड्यात एक सुट्टी दिली, या आठवड्यात एक दिली. कायदा म्हणतो, आठवड्यातून एक. दर सातव्या दिवशी एक, असं कायदा म्हणत नाही. बरोबर?"

सगळं बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती. वर रोज दोन तास जादा होतेच. त्यांचे दीडपट पैसे मिळत, त्यात मालक एक पैसा बुडवत नसे. कारखान्याच्या दाराशी लावलेल्या पाटीवर असंही लिहिलं होतं, की सुट्टीच्या दिवशी कोणालाही सक्तीने कामावर बोलावता येणार नाही. पाटीवरची धूळ दर महिन्याला पुसली जाई.

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारपासून सुनेचं डोकं ठिकाणावर राहिना. तिने चहात मीठ घातलं आणि नवऱ्याने तोंड वेडंवाकडं केलं तर त्याच्यावरच खेकसली. मुलीने शाळेचा कागद पुढे केला आणि तिला मुलगी कितवीत आहे तेच आठवेना. क्षणभर ती कागदाकडे बघत राहिली. मग मुलीनेच हळूच सांगितलं, "आई, चौथी." त्याचं सुनेला फार लागलं. बुधवारी रुळाशी उभ्या उभ्या तिचा डोळा लागला आणि सासूने कोपराने ढोसलं नसतं तर चादरीबरोबर तीही आत गेली असती.

दुपारी ती पुन्हा साहेबांकडे गेली.

"उद्याचा एक दिवस द्या. पगार कापा."

"उद्या दोन बायका आधीच कमी आहेत. सासूची उद्या सुट्टी आहे, बरोबर? तूही गेलीस तर रुळावर मी चढू?"

"साहेब, मला उभं राहवत नाही."

साहेबांनी कपाळ चोळलं. "हे बघ, मला नावाशी काय करायचंय? तुझ्या जागी कोणीतरी उभं राहिलं पाहिजे, एवढंच. बरोबर?"

तिने ते सासूला सांगितलं. सांगताना मागायचं तिच्या मनात नव्हतं, असं म्हणता येणार नाही. उद्या कोणाची सुट्टी आहे, ते तिला ठाऊक होतं.

"काय काम आहे उद्या?" सासूने विचारलं.

"काही नाही."

"मुलीचं काही?"

"काही नाही हो. मला झोपायचंय."

सासूने तिच्याकडे बघितलं. सुनेला वाटलं, आता ही बोलणार. आमच्या वेळी असं नव्हतं, आम्ही नाही का केलं, वगैरे. सासूचेही आठ दिवस सलग झाले होते. तिचा गुडघा सुजला होता आणि उद्या ती तो शेकत बसणार होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मग झोप," सासू म्हणाली. "मी येते. रविवारची तुझी मला दे. आणि बघ, झोपायचं म्हटलं की झोपायचं. कपाट आवरत बसलीस तर तंगडी मोडीन."

सुनेला रडू आलं. ते लपवायला तिने 'तुमचा गुडघा आधी सांभाळा' म्हणून टोमणा मारला. सासूने परत मारला. दोघींना बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी नवऱ्याने मुलीला शाळेत सोडलं आणि बजावलं, की दुपारी घरी आल्यावर आईला अजिबात उठवायचं नाही, कोणी आलं तरी दारातूनच परत पाठवायचं. सून झोपली. अशी झोपली की कूस बदलायचंही विसरली. तिला स्वप्नसुद्धा पडलं नाही.

कारखान्यात जेवणानंतरच्या पाळीला सासूबरोबर एक नवीन मुलगी दिली होती. तिला ताण जमत नव्हता. चादर वाकडी जाई, मग ओढून सरळ करावी लागे. सासूची बोटं सकाळपासून बधिर होती आणि चिमूट धरत नव्हती. ओला कोपरा हातातून सुटत राहिला. मग तिने तो बोटाला गुंडाळला. वीस वर्षं जिने दुसऱ्यांच्या हातावर चापट्या मारल्या, तिने तो गुंडाळला. आडवी दांडी दाबून नव्या मुलीने रूळ थांबवला तोवर उजव्या हाताची चार बोटं आणि अर्धा तळवा आत जाऊन आला होता.

घडी घालणाऱ्या दोघींपैकी एक धावत सुनेच्या घरी आली. दार मुलीने उघडलं.

"आई कुठाय? उठव तिला."

"आई झोपलीय. बाबांनी सांगितलंय, कोणी आलं तरी उठवायचं नाही."

"अगं, फार महत्त्वाचं काम आहे."

"बाबा म्हणाले, काम महत्त्वाचंच असतं. म्हणूनच नाही उठवायचं."

मुलगी दारात हात आडवे लावून उभी राहिली. त्या बाईला पोरीपुढे नको ते बोलवेना, शिवाय तिला पाळीवर परत जायचं होतं. ती गेली. मुलीने दार लावलं, आत येऊन आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि आपण चांगलं काम केलं म्हणून खूश होऊन अभ्यासाला बसली. तिची काहीच चूक नव्हती. या गोष्टीत तशी कोणाचीच धड चूक सापडत नाही, हेच या गोष्टीचं दुखणं आहे.

संध्याकाळी नवरा बातमी घेऊनच आला. सून उठून तशीच, केस न विंचरता इस्पितळाकडे पळाली. भेटायची वेळ संपली होती. फाटकावरच्या माणसाने उद्या यायला सांगितलं. तिने हातापाया पडून बघितलं. वर खिडक्यांमधून दिवे लागले होते आणि त्यांतल्या कोणत्या खिडकीआड सासू आहे, तेही तिला कळत नव्हतं. त्याच वेळी बरोबरसाहेब आत सासूच्या खाटेशी बसलेले होते, कारण कारखान्याच्या माणसाला जबाब घेण्यासाठी केव्हाही सोडत. हे तिला दुसऱ्या दिवशी समजलं.

घरी आल्यावर नवऱ्याने तिला समोर बसवलं. त्याच्या गाडीवरच्या एका माणसाचा पाय असाच गेला होता, म्हणून त्याला यातलं कळत होतं.

"नीट ऐक. उद्या कामगार कचेरीतून कोणीतरी येईल. हात जायबंदी झाला की यावंच लागतं. ते एकच विचारतील, सुट्टीच्या दिवशी ती आलीच कशी. बोलावल्यामुळे आली असेल, तर मालकाची जबाबदारी. औषधपाणी, भरपाई, जन्मभराचं थोडंफार, सगळं. पण आपणहून आली असेल, तर ती त्या दिवशी कामावरच नव्हती असं धरतात. मग काही नाही."

"पण मीच तिला..."

"तू नाही. साहेब म्हणाला होता ना, जागी कोणीतरी उभं कर? मग साहेबाने सांगितलं. बदली आण, नाहीतर नोकरी जाईल, असं म्हणाला. चल, म्हणून दाखव."

"नोकरीचं नव्हता म्हणाला."

"म्हणाला असता. तू म्हण."

नवरा अधिकारी झाला आणि तिला उलटसुलट विचारू लागला. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, ती दर वेळी मान खाली घालायची. मग मुलीने येऊन, बाहुलीला शिकवावं तसं, 'आई, वर बघून बोल' असं सांगितलं. शेवटी तिला जमलं. नोकरी गेली तर गेली, पण सासूचा हात फुकट जाऊ द्यायचा नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

सकाळी कारखान्यात अधिकारी बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सारलेल्या, बोलायला साध्या. साहेबांच्या खोलीत त्यांनी सुनेला स्वतः खुर्ची ओढून दिली.

"काल तुमची कामाची पाळी होती. तुम्ही का आला नाहीत?"

"झोपायला घरी राहिले."

बाईंनी मान वर केली. "बरं नव्हतं?"

"बरं होतं. झोप नव्हती."

त्यांनी लिहिलं. मग विचारलं, "आणि तुमच्या जागी त्यांना कोणी बोलावलं?"

सुनेने वर बघितलं, शिकवलं होतं तसं. "साहेबांनी सांगितलं, बदली आण. नाही आणलीस तर नोकरीवरून काढीन. म्हणून मी तिला आणलं."

खोलीच्या कोपऱ्यात साहेब उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

"असं म्हणालात?"

"कोणीतरी उभं राहिलं पाहिजे, असं म्हणालो," साहेब हळू बोलले. "आण असं नव्हतो म्हणालो." आणि पुढचं 'बरोबर?' त्यांनी गिळलं.

बाईंना सुनेची बाजू पटत होती, हे दिसत होतं. पटवून घ्यायची त्यांची इच्छा होती, हेही दिसत होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि समोरचा कागद सुनेला वाचून दाखवला. सासूचा जबाब होता. काल संध्याकाळचा. उजवा हात बांधलेला म्हणून खाली डाव्या हाताचा अंगठा होता.

मला कोणी बोलावलं नाही. साहेबांनी नाही आणि माझ्या जोडीदारणीनेही नाही. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी माझ्या खुशीने आले.

सुनेला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. सासूला वाटलं होतं, की पाळी चुकवून बदली बाई उभी केली म्हणून सगळं सुनेवर शेकेल. म्हणून तिने तिचं नावच मधून काढून टाकलं होतं. दुखण्याने अर्धवट शुद्धीत असताना, जेवढं सुचलं तेवढ्यात तिने सुनेला वाचवलं होतं.

"खोटं आहे ते," सून म्हणाली. "माझ्यासाठी बोललीय ती."

"असेल. पण मग तुम्हीही त्यांच्यासाठी बोलताय, असं मालकाचा वकील म्हणेल." बाईंचा आवाज उतरला. "ज्यांचा हात, त्यांचा शब्द आधी धरतात. स्वखुशीने हा शब्द एकदा आला ना, की कायद्याचं पुढचं पान उघडतच नाही. मी वर लिहीन. माझ्याकडून होईल ते करीन. तुम्ही आशा ठेवू नका."

त्या खरंच वाईट वाटून बोलल्या. सुनेला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. राग धरायला कुठे हातच बसत नव्हता.

साहेबांनी तिला त्या दिवशी पाळी दुपारनंतरची दिली, म्हणजे तिला आधी इस्पितळात जाता येईल. जाताना म्हणाले, "तुझं काही होणार नाही. मी बघतो." आणि ते त्यांनी खरंच बघितलं.

सासू खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिच्या अंगाखाली त्यांच्याच कारखान्यातली चादर होती. उजवा हात कोपरापर्यंत पांढरा, जाडजूड. तोंड सुकलेलं, पण डोळ्यांत एक लबाडी होती. सून दिसल्या दिसल्या तिने डाव्या हाताने जवळ बोलावलं.

"झोपलीस ना पोटभर?"

"हो."

"नोकरी?"

"आहे."

"मला माहीतच होतं. साहेब काल इथे येऊन बसला, कोणी बोलावलं, कोणी बोलावलं. मी म्हटलं, ही बया आता अडकणार. तुझं नावच नाही घेतलं. एवढी सुई टोचलेली, डोकं गरगरतंय, पण बरोब्बर बोलले की नाही?"

सून स्टुलावर बसली. पलीकडे सूपचा वाडगा ठेवलेला होता, तसाच, कारण डाव्या हाताने सासूला खाता येत नव्हतं आणि मागायची तिला लाज वाटत होती.

"डॉक्टर म्हणाले, दोन बोटं काढावी लागतील. बाकीची वाकायची नाहीत," सासू म्हणाली. "रूळ संपला आता. कचेरीची बाई आली होती म्हणे कारखान्यात? भरपाईचं काय म्हणाली? मुलाला कळवायचंय. त्याच्यावर बोजा नको."

आज ना उद्या कोणीतरी सांगणारच होतं. मालकाच्या माणसाकडून, कागदावरून तिला कळण्यापेक्षा आपणच सांगावं, असं सुनेला वाटलं.

"मिळणार नाही, सासूबाई."

"का?"

"तुम्ही खुशीने आलात म्हणून."

सासूने कपाळाला आठ्या घातल्या. तिला वाटलं, आपलं ऐकण्यात काही चुकलं. सुनेने मग सगळं सांगितलं. सक्ती म्हणजे काय, खुशी म्हणजे काय, कोणतं बोललं तर मालकाने द्यायचं आणि कोणतं बोललं तर नाही. अधिकारी बाईंचे हात कुठे बांधले गेले तेही सांगितलं. सासू लक्ष देऊन ऐकत होती. पलीकडच्या खाटेवरची बाई कण्हत होती. कोणीतरी औषधाची गाडी ढकलत नेली.

"मग मी काय म्हणायला हवं होतं?"

"की तुम्हाला यायचं नव्हतं. तरी यावं लागलं."

सासू आपल्या बांधलेल्या हाताकडे बघत राहिली. तिचा आवाज लहान झाला, इतका लहान आवाज सुनेने तिचा कधी ऐकला नव्हता.

"पण मला यायचं होतं गं."

सुनेने सूपचा वाडगा उचलला आणि पाळीला जायला अजून थोडा वेळ होता, तेवढ्यात तिला चमच्याने भरवायला घेतलं.